पेठेतील वकील कार्यालय: वडिलांचा वारसा आणि आईचे मृत्युपत्र

पुण्यातील एका पेठेत, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या एका वकील कार्यालयाची सेवा आमच्या कुटुंबाने जून २०२३ ते डिसेंबर २०२४ अशी दीड वर्षे घेतली. कामे दोन होती. मृत्युपत्र न करता गेलेल्या आमच्या वडिलांच्या मिळकतीवरून भावंडांत उभा राहिलेला वाद मिटवणे हे पहिले, आणि त्यातून शहाणपण घेऊन आमच्या ८१ वर्षांच्या आईचे मृत्युपत्र वेळेवर करणे हे दुसरे. कार्यालयाचे नाव मी देणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे आणि माझे लिखाण त्यांची जाहिरात ठरावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत. मात्र अशा कार्यालयात नेमके काय घडते, किती पैसे लागतात आणि कोणत्या गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात, हे लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटले.

आमचे वडील २०२१ मध्ये गेले. मागे कोथरूडची एक सदनिका, वाई तालुक्यातील सामाईक शेतजमिनीतला त्यांचा हिस्सा आणि बँकेतील ठेवी एवढी मिळकत होती. वारस चार: आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ. दादा-वहिनी आईसह त्याच सदनिकेत राहतात, धाकटा बंगळुरूला असतो आणि मी लग्नानंतर सांगलीची झाले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले. सदनिकेसाठी सोसायटीकडे वडिलांनी दादाचे नामनिर्देशन केलेले होते, त्यामुळे घर आपलेच झाले अशी दादाची प्रामाणिक समजूत होती. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर त्याने माझ्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला आणि बरोबर वहिनीने एक पैठणी ठेवली. साडीचोळी घेऊन माहेरच्या मिळकतीवरचा हक्क सोडणे ही आमच्याकडे इतकी रूढ गोष्ट आहे, की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मी पैठणी घेतली नाही आणि सहीही केली नाही. त्यानंतरच्या दोन दिवाळ्यांना भाऊबीज झाली नाही, एवढे सांगितले तरी पुढचे समजावे.

या कार्यालयात येण्यापूर्वी धाकट्याच्या आग्रहावरून आम्ही आईचे मृत्युपत्र एका संकेतस्थळावरून करून पाहिले होते. पैसे फार लागले नाहीत आणि पंधरा मिनिटांत सुबक छापलेली सहा पाने हाती आली; पण ती सगळी इंग्रजीत होती, आईला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, आणि सामाईक शेतजमिनीतला अविभक्त हिस्सा लिहायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. ज्यांची मिळकत एक घर आणि दोन ठेवी एवढीच आहे आणि घरात तंटा नाही, त्यांना अशी सेवा पुरेशी ठरू शकेल. आमच्यासारख्यांचे तेवढ्यावर भागत नाही.

कार्यालयात ज्येष्ठ वकीलसाहेब आणि त्यांच्या सहकारी वकीलबाई असे दोघे काम पाहतात. पहिल्या भेटीचे शुल्क १,५०० रुपये होते आणि ती भेट दीड तास चालली. त्यातील पहिली वीस मिनिटे वकीलसाहेबांनी पेठेतील वाड्यांचा इतिहास सांगण्यात घालवली, हे नमूद करणे भाग आहे. त्यानंतर मात्र त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. चौघांनाही मान्य असेल तरच ते मध्यस्थ म्हणून बसतील. बोलणी फिसकटली तर पुढे न्यायालयात ते आमच्यापैकी कोणाचेही वकीलपत्र घेणार नाहीत. आणि हे दोन्ही मुद्दे लिहून त्यावर चौघांच्या सह्या झाल्याशिवाय ते कोणतेही कागद उघडणार नाहीत. माझ्या बाजूने भांडणारा वकील मिळावा म्हणून मी गेले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी थोडी हिरमुसले. पण वाटणीचा दिवाणी दावा किती वर्षे चालतो हे आमच्याच नात्यात पाहिलेले असल्याने मी सही केली. दादाने मात्र पंधरा दिवस घेतले.

सर्वांत आधी नामनिर्देशनाचा प्रश्न निकाली निघाला. नामनिर्देशित व्यक्ती ही मिळकत ताब्यात घेऊन सांभाळणारी असते, मालक कोण हे वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात १९८३ मध्येच सांगितले होते. विम्यापुरता त्यात २०१५ च्या दुरुस्तीने बदल झाला आणि आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असतील तर ती रक्कम त्यांचीच ठरू लागली. पण सोसायटीतील घराला तो बदल लागू होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद होते, तीही कायदेशीर वारस ठरेपर्यंत. आमची बोलणी चालू असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसांचा हक्क जात नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. वकीलसाहेबांनी तो दादाला वाचून दाखवला नाही, तर त्याच्या हाती दिला आणि घरी नेऊन वाचायला सांगितले. दादा निवृत्त अभियंता आहे. कोणी शिकवलेले त्याला रुचत नाही, पण स्वतः वाचलेले तो मानतो. अशी पारख पुस्तकातून येत नाही, ती व्यवसायातूनच येते.

हिश्श्यांचे गणित मला स्वतःला फार आवडले, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मानली, तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कल्पून हिस्से काढायचे. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची हिस्सेदार आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्या कल्पित वाटणीत आईलाही मुलांइतका वाटा मिळतो. म्हणजे वडील, आई आणि तीन अपत्ये असे पाच वाटे झाले. मग वडिलांचा एक पंचमांश उरलेल्या चौघांत समान, म्हणजे प्रत्येकी एक विसांश. आणि एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे एक चतुर्थांश. जमीन वडिलांची स्वतंत्र मालमत्ता मानली, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी आणि तीन अपत्ये हे पहिल्या वर्गाचे चार वारस, म्हणून पुन्हा एक चतुर्थांशच. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते हे वकीलबाईंनी फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा मी नकळत मान डोलावली, आणि पहिल्या बैठकीपासून तोंड फिरवून बसलेला धाकटा प्रथमच हसला.

कायदा माझ्या बाजूने आहे याची खात्री पटल्यावर मला जो आनंद झाला, तो पुढच्या दोन बैठकांत टिकला नाही. कार्यालयाची पद्धत अशी आहे, की प्रत्येक वारसाने तीन याद्या द्यायच्या: मिळकती कोणत्या, देणी कोणती, आणि मयत व्यक्तीसाठी किंवा मिळकतीसाठी स्वतः केलेला खर्च कोणता. तिसऱ्या यादीत तोंडी काही लिहायचे नाही, कागद जोडायचा. दादाने प्रथम माझ्या लग्नाचा खर्च लिहिला होता. लग्नखर्च हिश्श्यातून वजा होत नाही, असे सांगून वकीलबाईंनी तो खोडला. मग त्यांनी दादाला सदनिकेच्या कर्जाबद्दल विचारले, तेव्हा त्याने बराच वेळ काहीच उत्तर दिले नाही आणि पुढच्या बैठकीला आपली जुनी पासबुके आणली. वडील निवृत्त झाल्यानंतर कर्जाचे शेवटचे सात वर्षांचे हप्ते त्याच्या खात्यातून गेले होते. दरमहा ४,२०० रुपये, ८४ हप्ते, म्हणजे ३,५२,८०० रुपये. वडिलांनी हे आम्हा दोघांना कधी सांगितले नव्हते आणि दादानेही नाही. त्या काळात माझ्या घरी दर मे महिन्यात आंब्याची पेटी यायची आणि ती पाठवणारा माणूस ओढाताणीत असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

दुसरा कागद मला अधिक लागला. वाईच्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढायला वकीलबाई स्वतः गावी गेल्या होत्या. आजोबा १९६८ मध्ये गेले. त्यांच्यामागे काढलेल्या फेरफारात वडील आणि काका यांची नावे कब्जेदार म्हणून लागली आणि आमच्या आत्याचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात बहीण म्हणून नोंदवले गेले. ज्यांच्या घरी गावाकडची जमीन आहे त्यांना हा रकाना ठाऊक असेल. सातबाऱ्यावर बहिणींना मिळणारी जागा वर्षानुवर्षे तीच होती. आत्याने हक्कसोड केल्याचा कोणताही नोंदणीकृत कागद नव्हता. ती २००९ मध्ये कऱ्हाडला वारली. माझा हक्क नाकारला म्हणून मी दोन वर्षे भावाशी बोलले नाही, पण त्याच जमिनीत आत्याचाही हक्क होता आणि तो कोणी तिला दिला नाही, हे वकीलबाईंनी तो उतारा पुढे ठेवेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. तुम्ही मागता तो नियम तिलाही लागू होतो, एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

यानंतर कऱ्हाडच्या तिघा आतेभावांना पत्रे गेली आणि काम सात महिने लांबले. तिघांपैकी दोघांनी मोबदला न घेता हक्क सोडला, एकाने ठेवला. तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या लहान क्षेत्राचे वेगळे तुकडे पाडता येत नव्हते, म्हणून त्याचा हिस्सा सामाईकातच राहिला. पण त्याचे नाव आज इतर हक्कातून निघून कब्जेदार सदरी आले आहे. काकांच्या मुलांना हे फारसे आवडले नाही. तो राग ते अजून माझ्यावर काढतात.

शेवटी ठरले ते असे. सदनिकेतील माझा आणि धाकट्याचा हिस्सा आम्ही आई व दादा यांच्या लाभात सोडला, जमिनीतील दादा व धाकट्याचा हिस्सा आई व मी यांच्या लाभात सुटला, आणि ठेवी आई व धाकटा यांच्याकडे गेल्या. बाजारभावाने पाहिले तर माझ्या पदरात चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी आले आहे. ती ८४ हप्त्यांची पासबुके आणि आईचे रोजचे करणारी वहिनी यांचा विचार करून मी ते समजून-उमजून स्वीकारले. कोणी माझ्यावर ते लादले नाही, आणि कार्यालयाने सही करण्यापूर्वी मला आठ दिवस थांबायला लावून, हवे तर दुसऱ्या वकिलाला दाखवून येण्यास सांगितले होते. कौटुंबिक व्यवस्था साध्या कागदावर लिहून सह्या करण्याचा मार्गही काही लोक सुचवतात. आधी तोंडी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून केलेला कागद नोंदवला नाही तरी चालू शकतो, पण ज्या कागदानेच स्थावर मिळकतीतील हक्क निर्माण होतात किंवा सुटतात तो नोंदवावाच लागतो, हा भेद वकीलसाहेबांनी नीट समजावला आणि सर्व हक्कसोडपत्रे नोंदवून घेतली. मोबदला न घेता सहवारसांच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. मात्र आतून पैसे घ्यायचे आणि दस्तात विनामोबदला लिहायचे, हा बाजारात सर्रास चालणारा प्रकार करून देण्यास त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला होता.

आता आईच्या मृत्युपत्राविषयी. येथे मला एक विचित्र अडचण आहे: ज्या कामाचे परीक्षण मी लिहीत आहे, ते काम मी पाहिलेले नाही. त्या मृत्युपत्रात काय लिहिले आहे हे मला आजही माहीत नाही.

आईला घेऊन आम्ही गेलो, तेव्हा वकीलबाईंनी दादा, वहिनी आणि मला बाहेरच्या बाकावर बसवले आणि दार लावून घेतले. एक तास वीस मिनिटे दार बंद होते. औषधपाणी आम्ही करायचे आणि आम्हीच बाहेर बसायचे का, असे वहिनी जरा मोठ्यानेच म्हणाल्या. मला मनातून तेच वाटत होते. नंतर त्यामागचे कारण कळले. मृत्युपत्राने ज्याला लाभ होतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतलेला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते आणि तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगून ठेवले आहे. त्यामुळे मजकूर कोणी सांगितला, टंकलेखनाचे पैसे कोणी दिले, साक्षीदार कोणी बोलावले, या साध्या गोष्टीही पुढे विचारल्या जातात. शुल्काची १०,००० रुपयांची रक्कमही त्यांनी आईच्याच खात्यावरच्या धनादेशाने घेतली. दादाने पुढे केलेल्या नोटा परत केल्या.

आईने घरी आल्यावर मजकूर सांगितला नाही, पण तक्रार सांगितली. पहिला मसुदा कचेरीच्या मराठीत होता. ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘निरंकुश उपभोग’ असल्या शब्दांनी ती बावरली आणि हे माझे बोलणे नाही म्हणून तिने तो परत केला. माझ्या मते असा मसुदा पहिल्या वेळेला देणेच चूक होते. करणाऱ्याला स्वतःचे मृत्युपत्र वाचून कळले पाहिजे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. दुसरा मसुदा मात्र तिच्या बोलण्यासारखा होता, असे ती म्हणते, आणि तिने तो भिंग लावून वकीलबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

मृत्युपत्राला मुद्रांक कागद लागत नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलेही चालते, आणि नोंदणी ऐच्छिक आहे, हे आम्हाला येथेच कळले. आईची पक्की समजूत होती की ५०० रुपयांचा मुद्रांक घेतल्याशिवाय काही खरे नाही. कायद्याला लागते ते एवढेच: करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीत असावी, तिने सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी तिची सही पाहून, किंवा ती सही आपली असल्याचे तिच्या तोंडून ऐकून, तिच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ५९ आणि ६३ मध्ये हे सांगितले आहे. साक्षीदारांच्या निवडीवर कार्यालयाने जितका वेळ दिला, तितका मी इतरत्र कोठे दिलेला ऐकला नाही. लाभ मिळणारा किंवा त्याचा जोडीदार नको. आईपेक्षा वयाने बराच लहान हवा. गाव सोडून जाण्याची शक्यता असलेला भाडेकरू नको. कारण असे, की पुढे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली, तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकाला तेथे बोलवावे लागते. आईने सुचवलेले दोन्ही साक्षीदार तिच्या भिशीतल्या मैत्रिणी होत्या, दोघी पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्याऐवजी पन्नाशीचे शेजारी आणि घरचे डॉक्टर ठरले. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिची मानसिक स्थिती चांगली असल्याचे प्रमाणपत्रही दिले.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, पण आईला ते कमीपणाचे वाटले. ती स्वतः गेली, संगणकासमोर छायाचित्र काढून घेतले, अंगठा उमटवला आणि नोंदणीची फी शंभर रुपये, शिवाय पानांमागचे हाताळणी शुल्क तिने आपल्या पाकिटातून दिले. रांगेत दोन तास गेले. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तिच्या हयातीत तिच्याशिवाय किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणाला मिळत नाही, हे तेथील लिपिकाने सांगितल्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती सांगण्यासारखी नाही. नोंदणीमुळे मृत्युपत्राला आव्हान देताच येत नाही असा मात्र समज करून घेऊ नये. शिवाय नोंदवलेल्या मृत्युपत्रानंतर साध्या कागदावर केलेले दुसरे मृत्युपत्रही नियमाप्रमाणे झालेले असेल तर तेच शेवटचे ठरते. आमच्या मिळकती पुणे आणि सातारा जिल्ह्यांत असल्याने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, सक्तीचे नव्हते; त्या वेळी मुंबईतील मिळकतीसाठी हिंदूंनाही ते घ्यावे लागत होते.

आईबरोबर एकदा आमची मावशी गेली होती. तिला मूलबाळ नाही, तिचे यजमान तरुणपणी गेले, आणि तिने शिक्षिकेच्या पगारातून स्वतःचे घर घेतले. वकीलसाहेबांनी सहज विचारावे तसे तिला विचारले की, तुमच्यामागे हे घर कोणाला जाईल असे तुम्हाला वाटते? भाच्यांना, म्हणजे आम्हाला, असे ती म्हणाली. हिंदू विधवा अपत्याविना आणि मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतः मिळवलेली मिळकत आधी पतीच्या वारसांना जाते; फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत पती गेलेली, माहेरी राहून शिकलेली, नोकरी केलेली एक बाई. तिची सारी कमाई, ज्यांनी तिला आयुष्यभर विचारले नव्हते त्या सासरच्या वारसांना मिळाली, कारण कलम १५ चे शब्द तसेच आहेत. मावशीने पंधरा दिवसांत मृत्युपत्र केले. दीड वर्षातील या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर मी त्या एका प्रश्नाकडे बोट दाखवीन, आणि त्याचे त्यांनी वेगळे पैसेही घेतले नाहीत.

उणिवा आता सांगते. ज्या कार्यालयात येणारे निम्मे अशील सत्तरीपुढचे आहेत, ते एकोणीस उभ्या लाकडी पायऱ्यांवर आहे आणि धरायला दोर आहे. आईला वर नेताना आम्हा तिघांना घाम फुटला. वकीलबाई २,००० रुपये जादा घेऊन घरी येतात, हे आम्हाला दुसऱ्या भेटीच्या वेळी कळले. दूरध्वनीवर वेळ देतानाच सांगायला काय हरकत होती? दूरध्वनी सकाळी कोणी उचलत नाही. वादाच्या कामाचे शुल्क प्रथम ३०,००० सांगितले होते, आतेभावांचे प्रकरण निघाल्यावर ते ४५,००० झाले. वाढ रास्त होती असे मी मानते, पण ती लेखी कळवली नाही, आणि शेवटच्या हिशेबात ‘किरकोळ खर्च’ म्हणून २,३०० रुपये पावतीविना लावले ते मला पटले नाही.

सर्वांत गंभीर चूक हक्कसोडपत्राच्या मसुद्यात होती. गट नंबर ३१४ च्या जागी ३४१ टंकले गेले होते आणि ते कार्यालयातील दोघांच्याही नजरेतून सुटले. नोंदणीच्या आदल्या रात्री सांगलीहून पुण्याला येताना गाडीत मी आकडे ताडून पाहत होते, म्हणून ते सापडले. नोंदणीनंतर सापडले असते तर सर्वांना पुन्हा बोलावून चूकदुरुस्तीपत्र करावे लागले असते, आणि कऱ्हाडचे आतेभाऊ दुसऱ्यांदा आले असते की नाही, देव जाणे. वकीलसाहेबांनी क्षमा मागितली. तरीही माझा सल्ला आहे की गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि नावांची अक्षरे स्वतः मूळ उताऱ्याशी बोटाने ताडावीत.

म्हापशाला राहणाऱ्या माझ्या नणंदेने हे सारे ऐकून याच कार्यालयाचा पत्ता मागितला, तेव्हा वकीलसाहेबांनी तिचे काम घेतले नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा असून पती-पत्नीची मिळकत सामान्यतः सामाईक धरली जाते, मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा निम्मा वाटा राखीव असतो, आणि मृत्युपत्रही तेथील नोटरीसमोर करायचे असते; म्हणून तिने तिकडचाच वकील पाहावा, असे त्यांनी सांगितले. येणारे काम नाकारणारा व्यावसायिक हल्ली विरळाच.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर गेले तर दोघेही भेटतात आणि गर्दी कमी असते. पहिल्या भेटीला सर्व वारसांची नावे व वये, सातबारा व आठ-अ, सदनिकेचा करारनामा, भागप्रमाणपत्र आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रती नेल्यास एक फेरी वाचते.

गेल्या महिन्यात आईने मला वकीलबाईंचा नंबर लावून द्यायला सांगितले. दूरध्वनी तिसऱ्या प्रयत्नात उचलला गेला. तिला एक बदल करायचा होता. अशा बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करता येते, त्यालाही तसेच दोन साक्षीदार लागतात, आणि या वेळी आम्ही तुमच्या घरी येऊ, असे पलीकडून सांगितलेले मला ऐकू आले. शुल्क ३,००० रुपये. मग आईने मला स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायला सांगितले आणि दार लोटून घेतले.